वाचनालयाची ग्रंथसूची ऑनलाइन : प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

तालुक्याच्या वाचनालयाचं होस्टिंग खातं, म्हणजे संकेतस्थळासाठी सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा, एका देणगीदाराने भरून ठेवलेलं आहे. त्यावर ‘लवकरच येत आहोत’ एवढं एकच पान. कार्यकारिणीला त्याच खात्यावर दहा-अकरा हजार पुस्तकांची सूची हवी आहे, दिवाळी अंकांची योजना सुरू व्हायच्या आत. बजेट विचारलं तर कार्यवाह म्हणाले, “खर्चाच्या रकान्यात शून्य लिहून ठेवा, मग बोलू.”

वाचनालयं म्हटलं की पहिलं नाव निघतं कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरचं. २००० साली न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयात सुरू झालेलं, फुकट आणि उत्तम. पण त्याला अख्खा सर्व्हर आपल्या ताब्यात लागतो. शोधासाठी वेगळं इंजिन, मागे सतत चालणाऱ्या सेवा, रूटचे, म्हणजे सर्व्हरमालकाचे पूर्ण अधिकार. शेअर्ड खात्यावर, म्हणजे एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला असतो तिथे, यातलं काहीच मिळत नाही. तेव्हा कोहा बाद.

मग सर्व्हरवर आधीपासून काय बसवलेलं आहे तेच आधी पाहिलं. सीपॅनेलमध्ये (खातं सांभाळायचं नियंत्रण-पान) टर्मिनलचं, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीचं, चिन्ह दिसलं, म्हणजे निम्मी चिंता मिटली. आत शिरून एकेक प्रोग्राम विचारत गेलो. पीएचपी ही वेबपानं तयार करणारी भाषा, तिच्या ५.६ पासून ८.३ पर्यंत सगळ्या आवृत्त्या आहेत, पण खात्याला लावून दिलेली ७.४, जिचा सुरक्षा-आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला. डेटाबेस मारियाडीबी १०.६. पर्ल आहे, गिट आहे, चित्रं बनवणारं इमेजमॅजिक ६.९ आहे, डेटाबेसची प्रत काढणारं डम्पचं साधन आहे, ठरल्या वेळी कामं चालवणारं क्रॉन आहे. सुरक्षित जोडणीचं एसएसएल प्रमाणपत्र आपोआप येतं आणि नव्वद दिवसांचं असल्यामुळे आपोआप नवंही होतं. भेटींचा हिशेब ठेवणारं एडब्ल्यूस्टॅट्स कधीपासून चालू आहे. ‘लवकरच येत आहोत’ला सगळ्यात जास्त भेट देणारे सर्च इंजिनांचे बॉट, म्हणजे आपोआप पानं चाळणारे प्रोग्राम, निघाले.

आणि मर्यादा: १ जीबी मेमरी, एका वेळी २० एन्ट्री प्रोसेस (एकाच क्षणी हाताळता येणाऱ्या पानांच्या मागण्या), वेबवरच्या पीएचपीतून बाहेरची आज्ञा चालवायला बंदी. ही शेवटची ओळ नीट लिहून ठेवतो, लेबलांच्या वेळी लागेल.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

कार्यकारिणीतल्या एका तरुण सभासदाचा प्रश्न, संकेतस्थळं बनवायच्या तयार सॉफ्टवेअरबद्दल: “वर्डप्रेस एका क्लिकवर बसतं की! मग कशाला एवढा खटाटोप?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो. खात्यावर दोन प्रकारचं सॉफ्टवेअर दिसतं आणि पॅनेलवर दोन्हींची चिन्हं शेजारी शेजारी मांडलेली असल्याने ते एकच वाटतं. एक, जे खरोखर सर्व्हरवर बसवलेलं आहे: पीएचपी, मारियाडीबी, मेल पाठवणारा एक्झिम, क्रॉन, इमेजमॅजिक. त्याची डागडुजी, सुरक्षा-दुरुस्त्या सर्व्हर चालवणारे करतात, आपण झोपलेले असतानाही. दुसरं, इन्स्टॉलरच्या दुकानात मांडलेलं: वर्डप्रेस, जूमला, आणखी शेकडो. क्लिक केलं की त्याची एक प्रत आपल्या फोल्डरात येऊन पडते आणि त्या क्षणापासून ती आपली. प्लगइन जुनं झालं, थीमला भोक पडलं, कुणी आत शिरून जुगाराच्या जाहिराती लावल्या, तर निस्तरायचं आपण. आपोआप अपडेट होण्याची सोय असते, पण अपडेटनंतर पान मोडलं तर ते बघायला कुणीतरी लागतंच. या वाचनालयात तो माणूस नाही. मी आहे तोवर मी.

सूचीचं काम म्हणजे डेटाबेसात एक मुख्य तक्ता, शोधाचं एक पान, पुस्तकाचं एक पान. त्यासाठी पहिल्या प्रकारातलं सामान पुरेसं आहे. तेव्हा ठरलं: जे दुसऱ्याच्या जबाबदारीवर चालतं ते भरपूर वापरायचं, जे माझ्या जबाबदारीत येतं ते शक्य तितकं थोडं ठेवायचं. सभासदाला पटलं की नाही माहीत नाही. त्याने “बघू” म्हटलं.

पीएचपी ८.३ वर आणलं. एक्स्टेन्शनच्या, म्हणजे पीएचपीच्या जोड-भागांच्या, यादीत इंटल (भाषांचे नियम सांभाळणारं), एमबीस्ट्रिंग आणि झिप यांच्यासमोर खुणा केल्या. इंटल बहुतेक ठिकाणी सर्व्हरवर असतं पण बंद असतं, आणि मराठीच्या कामात तेच सगळ्यात मोलाचं.

एक खाचखळगा: टर्मिनलमध्ये नुसतं पीएचपी म्हटलं की कुठलं पीएचपी उठतं? वेबसाठी पॅनेलवर निवडलेलं ८.३ चालतं. पण क्रॉनसाठी पॅनेल जो नमुना-मार्ग दाखवतं तो सर्व्हरच्या मूळ पीएचपीकडे जातो, आणि ते इथे ७.४. त्यात इंटलही नाही. एकाच खात्यावर एकाच नावाचे दोन प्रोग्राम. त्यामुळे क्रॉनमध्ये नेहमी ८.३ चा पूर्ण मार्ग द्यायचा, आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आवृत्ती तपासून जुनी असेल तर तिथेच थांबायचं.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

डेटाबेस तयार केला. नावाच्या आधी खात्याचं नाव चिकटतंच, ते टळत नाही. कोऱ्या डेटाबेसची अक्षरसंहिता (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) निघाली लॅटिन-१, क्रमवारी स्वीडिश. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये जन्माला आलं त्याची ही खूण मारियाडीबीतही वारशाने आलेली. तक्ते करण्याआधीच ती बदलून सगळ्या लिप्यांना चालणारी यूटीएफ-८ एमबी४ केली. नुसतं ‘यूटीएफ-८’ निवडलं तर या आवृत्तीत ती तीन बाइटांची तोकडी संहिता असते. देवनागरीला तीन बाइट पुरतात, म्हणून ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. मग एखादा वाचक अभिप्रायात इमोजी टाकतो, त्याला चार लागतात, आणि नोंद अडते.

जुनी एक्सेल फाईल एका शिक्षिकेने आधीच जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणून ठेवली आहे. तिचे उपकार. ती आता लिब्रेऑफिसमधून यूटीएफ-८ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाईल) करून घेतली.

पीएचपीमायॲडमिन या डेटाबेसच्या वेबपानावरून मोठी फाईल चढवण्यापेक्षा टर्मिनलमधलं डेटाबेसचं मूळ साधन बरं. ते वेळेच्या मर्यादेत अडकत नाही. जोडणीची अक्षरसंहिता आज्ञेतच सांगायची. ती सांगितली आहे का याची माझी चाचणी साधी आहे: ‘वाचन’ हा शब्द घालायचा आणि त्याची लांबी दोन प्रकारे विचारायची. अक्षरांत चार आली पाहिजे (काना धरून), बाइटांत बारा. बाइट बारापेक्षा जास्त भरले तर मजकूर दोनदा गुंडाळला गेलाय असं समजायचं. तो पडद्यावर कदाचित ठीक दिसेलही, पण शोधात आणि क्रमात दगा देईल. इथे चार आणि बारा आले. पुढे.

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

गणपतीत काम बंदच होतं. सगळ्या नोंदी चढल्या.

दाखलअंक (पुस्तक दाखल झाल्याचा क्रमांक) हा आकडा, पण वर्गांक (विषयाचा क्रमांक) हा मजकूर म्हणून ठेवला. ड्यूई या विषयवार वर्गीकरणाच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ खाली येतं, कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. आकडा म्हणून साठवलं तर मागची शून्यं गळतात आणि पुढे अक्षरं जोडता येत नाहीत.

शोध. पूर्ण-मजकूर निर्देशांक (डेटाबेसने आधीच करून ठेवलेली शब्दांची सूची) वापरायचा मोह होता, तो सोडला. त्यात शब्दाची किमान लांबी तीन अक्षरांची धरलेली असते आणि ती बदलायला सर्व्हरच्या सेटिंगला हात लावून डेटाबेस पुन्हा सुरू करावा लागतो. शेअर्ड खात्यावर ते आपल्या हातात नाही. ‘घर’, ‘ऋण’, ‘वन’ हे शब्द त्यामुळे निर्देशांकात जाणारच नाहीत. मराठी पुस्तकांच्या नावांत दोन अक्षरी शब्द किती असतात ते कुठल्याही कपाटासमोर उभं राहून बघावं. दहा-अकरा हजार ओळींवर साधी ‘यात हे आहे का’ अशी तुलना डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर देते. तीच ठेवली.

तुलनेच्या नियमात मात्र निवड महत्त्वाची. ‘जनरल’ नावाचा नियम देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजतो. ‘युनिकोड’ नावाचा नियम ऱ आणि र एकच धरतो, कारण युनिकोडच्या लेखी ऱ म्हणजे र आणि खाली नुक्ता. म्हणून कुणी ‘दऱ्या’ ऱ ने लिहिलं किंवा साध्या र ने, तरी सापडतं. ‘दर्या’ही सोबत येतो, म्हणजे दरी शोधणाऱ्याला समुद्रही मिळतो. चालेल. शोधात एखादं पुस्तक जास्त आलेलं परवडतं, असलेलं पुस्तक ‘नाही’ म्हणून दाखवलेलं परवडत नाही.

४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

ग्रंथपाल बाईंना लेखकांची यादी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि बोट ठेवलं.

“सर, क्षीरसागर इथे कसे आले? खऱ्यांच्या आधी?”

“संगणक क्ष ला क मध्ये धरतो, बाई.”

“धरू दे. मी नाही धरत. आणि हे काळे बघा, कावळ्यांच्या आधी बसलेत. आमच्या खणात काळे काशीकरांच्याही मागे.”

बाईंचं बरोबर आहे. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, आणि त्याच्यामागे क्ष, ज्ञ. सूचीच्या जुन्या खणातली कार्डं त्याच क्रमाने लागलेली आहेत, वाचकही त्याच क्रमाने शोधतात. मारियाडीबीच्या कोलेशनच्या, म्हणजे क्रमनियमांच्या, यादीत मराठी नाही. क्रोएशियन आहे, सिंहली आहे, म्यानमारची आहे. काल केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला; कोलेशनच्या यादीत तो कधी पोचतो बघू.

पण मराठीचा क्रम याच सर्व्हरवर दुसरीकडे आहे: पीएचपीच्या इंटलमध्ये. इंटलमागे आयसीयू नावाचा संग्रह असतो आणि त्यात जगातल्या भाषांचे क्रमनियम असतात. मराठीच्या नियमात ह, मग ळ, मग क्ष, मग ज्ञ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. फक्त ऑगस्टमध्ये केलेल्या त्या एका खुणेने ते आपल्याला मिळालं.

आता प्रश्न असा की क्रम पीएचपीला कळतो आणि यादी डेटाबेस देतो. प्रत्येक वेळी सगळ्या नोंदी पीएचपीत ओढून लावणं म्हणजे मेमरी आणि एन्ट्री प्रोसेस दोन्ही उधळणं. त्याऐवजी इंटलकडून प्रत्येक नावाची क्रमकळ करून घेतली. क्रमकळ म्हणजे बाइटांची एक माळ. दोन माळा नुसत्या बाइट-बाइट ताडल्या की मराठी क्रम मिळतो. ती तक्त्यात वेगळ्या रकान्यात साठवली, बायनरी म्हणून, आणि त्यावर निर्देशांक टाकला. डेटाबेसला मराठी येत नाही, पण बाइट मोजायला येतात. तेवढं पुरलं. नवं पुस्तक चढवताना त्याची क्रमकळ तिथल्या तिथे तयार होते.

वरच्या ‘अ ते ज्ञ’ पट्टीसाठी क्ष आणि ज्ञ वेगळे ओळखावे लागले, बाकीची जोडाक्षरं पहिल्या व्यंजनाखाली. बाईंनी त्र आणि श्र बद्दल विचारलं. त्र हा त मध्ये आणि श्र हा श मध्येच, असं त्यांनीच ठरवलं.

संध्याकाळी यादी पुन्हा दाखवली. कावळे, काशीकर, काळे. क्षीरसागर सगळ्या ह च्या मागे. बाईंनी फक्त “हं” केलं आणि पुढच्या पानावर गेल्या. पास.

एक सावधगिरी: आयसीयूची आवृत्ती बदलली की जुन्या क्रमकळा नव्यांशी जुळतीलच असं नाही. पीएचपी बदलेल तेव्हा सगळ्या क्रमकळा पुन्हा करायच्या. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट करून ठेवली.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

दसरा झाला. लेबलं. पुस्तकाच्या कण्यावर वर्गांक, लेखक, दाखलअंक असं छोटं लेबल हवं. चित्र म्हणून, म्हणजे कुठल्याही प्रिंटरवर सारखं येईल.

पीएचपीत जीडी आहे, चित्रावर अक्षरं काढायला पहिली धाव त्याच्याकडेच जाते. त्याने ‘दिवाळी अंक’ काढलं ते ‘दविाळी अंक’. ‘ग्रंथ’चं झालं ‘ग्‌रंथ’, ग ला पाय मोडलेला आणि र वेगळा उभा. कारण सरळ आहे. र्‍हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर साठवली जाते आणि दाखवताना आधी दाखवावी लागते. जोडाक्षरं फॉन्टातल्या नियमांनी घडवावी लागतात. हे घडवण्याचं काम करणारा भाग जीडीत नाही. तो फॉन्टमधले ठसे साठवणीच्या क्रमाने एकामागोमाग ठेवत जातो. इंग्रजीत ते खपून जातं.

इमेजमॅजिककडे वळलो. त्याला स्वतःची आवृत्ती विचारली की शेवटी सोबत्यांची यादी देतो, त्यात पँगो (जोडाक्षरं घडवणारा भाग) असेल तर देवनागरी घडवता येते. इथे आहे. पण फॉन्ट? सर्व्हरला मराठीला चालणारे फॉन्ट विचारले तर उत्तर कोरं. स्वाभाविक आहे, सर्व्हरला कुणी वाचायला बसत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट-संस्थेने केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ फॉन्ट घरच्या फोल्डरातल्या फॉन्टच्या लपलेल्या फोल्डरात ठेवला, फॉन्टची यादी ताजी केली, आणि पुन्हा विचारल्यावर तो दिसला. बाहेरून आणलेली ही या प्रकल्पातली एकमेव वस्तू, आणि तिला कधी सुरक्षा-दुरुस्ती लागणार नाही.

आता ‘दिवाळी’ नीट आली. वेलांटी द च्या आधी, ‘ग्रंथ’मधला र ग च्या पोटात.

अडचण राहिली बंदीची: वेबवरच्या पीएचपीतून इमेजमॅजिकची आज्ञा चालवता येत नाही. बंदी योग्यच आहे, ती उठवायला सांगायची नाही. तिच्याभोवती रस्ता आहे. बाई पानावर ‘लेबल हवं’ अशी खूण करतात, ती डेटाबेसात नोंदली जाते. दर पंधरा मिनिटांनी क्रॉन एक छोटी शेल स्क्रिप्ट चालवतं, ती राहिलेल्या खुणा वाचून चित्रं काढते. क्रॉनला वेबची बंदी लागू नाही. लेबल लगेच हवं असतं कुणाला? बाई तोवर चहा घेतात.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

बॅकअप. रोज रात्री अडीचला डेटाबेसची प्रत.

सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर आहे, म्हणून क्रॉनमध्ये वेळ लिहिली रात्री नऊची. साडेपाच तासांचा फरक. पण मग फाईलच्या नावातली तारीखही आदल्या दिवसाची येते, म्हणून तारीख काढताना कोलकात्याचा कालविभाग आज्ञेतच दिला. तारखेच्या साच्यात टक्क्याचं चिन्ह असतं आणि क्रॉनच्या ओळीत टक्क्याचा अर्थ ‘ओळ इथे संपली’ असा होतो. त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ हवी. टर्मिनलमध्ये बिनतक्रार चालणारी आज्ञा क्रॉनमध्ये अर्धवट का तुटते, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. सगळं शेल स्क्रिप्टमध्ये टाकून क्रॉनमध्ये फक्त तिचं नाव दिलं, तर ही भानगडच उरत नाही. तसंच केलं.

पासवर्ड आज्ञेत लिहायचा नाही, चालू प्रक्रियांच्या यादीत तो दिसू शकतो. तो घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या फाईलमध्ये, फक्त मालकाला वाचता येईल अशा परवानगीने. प्रती वेबच्या फोल्डराच्या बाहेर. तीस दिवसांपेक्षा जुन्या आपोआप पुसल्या जातात, कारण खात्यावर जागेइतकीच फाईलींच्या संख्येलाही मर्यादा असते.

त्याच सर्व्हरवरची प्रत म्हणजे निम्मी प्रत. दर शनिवारी बाई ताजी फाईल वाचनालयाच्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवर घेणार. त्यांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर शनिवारांना गोल करून आलो.

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार

‘हे पुस्तक राखून ठेवा’ म्हटल्यावर वाचकाला मेल. एक्झिम आहेच. पीएचपीच्या मेल फंक्शनला पाचव्या जागी पाठवणाऱ्याचा पत्ता दिला; नाहीतर लिफाफ्यावर खात्याचं नाव आणि सर्व्हरचं लांबलचक नाव छापून जातं आणि समोरचा संशय घेतो. पॅनेलमधल्या मेल-पोच तपासणीत एसपीएफ आणि डीकेआयएम (पाठवणारा खरा असल्याच्या दोन खुणा) दोन्ही हिरवे आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल निदान एकाची तरी अपेक्षा करतंच. बाईंच्या फोनवर मेल इनबॉक्समध्येच आला.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळी अंकांची योजना सुरू झाली, सूची आठवडाभर आधीच खुली होती. एडब्ल्यूस्टॅट्सच्या आकड्यांत संध्याकाळी सात ते नऊ गर्दी. एन्ट्री प्रोसेसचा आलेख वीसच्या जवळपासही गेला नाही. एकाच परकीय बॉटने मात्र ‘अ ते ज्ञ’ पट्टीची सगळी पानं एका दमात ओढली. त्याला अपाचे या वेबसर्व्हरच्या नियमांत दार बंद केलं. वीसची मर्यादा ओलांडली असती तर वाचकांना ५०८ क्रमांकाची चूक दिसली असती, आणि ती पाहून बाईंना फोन गेले असते.

सभासदाने पुन्हा वर्डप्रेसचा विषय काढला, यावेळी सूचनाफलकासाठी. सूचनाफलक म्हणजे एक तक्ता आणि एक पान. तो आहे त्यातच होईल. डिसेंबरात बघतो.

हस्तांतराच्या वहीत लिहिलेलं: क्रॉनमधल्या दोन ओळी आणि त्यांचे पूर्ण मार्ग. मेलचा पत्ता. फॉन्टची जागा. बॅकअप परत कसा चढवायचा (बाईंसमोर एकदा रिकाम्या डेटाबेसवर चढवून दाखवला). पीएचपी ८.३ ची सुरक्षा-मुदत डिसेंबर २०२७ पर्यंत. त्याआधी पॅनेलवर नवी आवृत्ती निवडायची, इंटलसमोरची खूण पुन्हा तपासायची, क्रॉनमधला मार्ग बदलायचा आणि क्रमकळांची स्क्रिप्ट चालवायची. मग लेखकांच्या यादीत काळे आणि क्षीरसागर कुठे आहेत ते बघायचं.